जीर्णोद्धाराचा अर्ज

इ. स. १८४९ मध्ये पुण्यातील काही नवशिक्षित मंडळींनी कंपनी सरकारकडे एक अर्ज गुदरला. श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटण्याचा जो परिपाठ तळेगावच्या खंडेराव दाभाड्यांनी घातला आणि पहिल्या बाजीरावाने पुढे पुण्यास आणला, तो पेशवाई बुडाल्यावरही कंपनीने आक्रसत्या प्रमाणात चालू ठेवला होता. त्यातलीच काही रक्कम १८२१ साली विश्रामबागवाड्यात स्थापन झालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळवण्यात आली होती. या निधीचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांस पारितोषिकरूपाने द्यावा, अशी या अर्जदारांची मागणी होती. लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख या अर्जदारांत होते. जुन्या पक्षाचा क्षोभ ओढवला तेव्हा जोतीराव फुले अर्जदारांच्या बाजूने उभे राहिले. आणि १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. याच निधीतून पुढे महाविद्यालयीन वृत्त्या निघाल्या, आणि त्यांचा लाभ मिळालेल्यांत महादेव गोविंद रानडे होते, तसेच रामकृष्ण गोपाळ भांडारकरही होते.

मराठी समाजाने सार्वजनिक कार्यासाठी सरकारदरबारी केलेल्या असंख्य अर्जांत हा अर्ज मला विशेष मोलाचा वाटतो, तो त्याच्या यशामुळे नव्हे. त्या अर्जदारांनी नवा पैसा मागितला नव्हता. जो निधी वर्षानुवर्षे चालत आला होता, ज्याचे उत्पन्न बांधलेले होते आणि ज्याची वहिवाट सर्वांस ठाऊक होती, त्याच्या हेतूचा पुनर्विचार व्हावा एवढीच त्यांची विनंती होती. म्हणजे पैसा एकदा मिळून संपण्याची धास्ती त्यांना नव्हती. आज एखाद्या गावातील मंडळी आपल्या बारवेच्या, गढीच्या, जुन्या वाचनालयाच्या किंवा मोडी दप्तराच्या जतनासाठी अनुदानाचा अर्ज लिहावयास बसतात, तेव्हा त्यांची परिस्थिती नेमकी याच्या उलट असते. त्यांना मिळणारा पैसा नवा असतो, मुदतबंद असतो, एका कामाला बांधलेला असतो, आणि काम पुरे झाल्याच्या दाखल्याबरोबर तो थांबतो. वास्तू मात्र त्या दाखल्यानंतरही पाऊस झेलीत उभीच असते. वारसाजतनाच्या अर्जांविषयी जे काही सांगण्यासारखे आहे, त्याचे मूळ मला या एका विसंगतीत दिसते.

बारवेचेच उदाहरण घेऊ, कारण गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील सामान्य माणसाने ज्या वारशाकडे सर्वांत अधिक आत्मीयतेने पाहिले, तो बारवांचा आहे. साताऱ्याजवळच्या लिंब गावी विरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४ या काळात बांधविलेली बारा मोटांची विहीर प्रसिद्धच आहे. एका वेळी बारा मोटा चालाव्यात एवढा तिचा विस्तार, आणि मोटांच्या धावेखाली राजनिवासाला शोभेल असा महाल. परंतु लिंबची विहीर भाग्यवान. मराठवाड्यात परभणी जिल्ह्यातील वालूरची चक्राकार उतरत जाणारी बारव किंवा चारठाण्याची पुष्करिणी यांसारख्या अनेक वास्तू गाळाने, झाडाझुडपांनी आणि गावाच्या कचऱ्याने गिळून टाकल्या होत्या. महाराष्ट्र बारव मोहिमेसारख्या चळवळीतून माणसे जमली, ग्रामस्थ आणि शहरातून आलेले तरुण एकत्र उतरले, टोपल्यांनी गाळ निघाला, महाशिवरात्रीच्या रात्री पायऱ्यापायऱ्यांवर पणत्या लागल्या. श्रमदानाने जे साधले ते अपूर्व होते, आणि कोणत्याही अनुदानाने ते साधले नसते. कारण गाळाबरोबर त्या वास्तूविषयीची गावाची उदासीनताही उपसली गेली.

पण गाळ निघाल्यावर भिंत दिसू लागते, आणि तिच्याबरोबर भिंतीचे दुखणेही. घडीव दगडांचा थर कोठे पुढे फुगलेला असतो, कोठे पिंपळाच्या मुळाने चिरा फोडलेला असतो, देवकोष्ठाची चौकट निखळून तळाशी पडलेली असते. येथे फावडे आणि उत्साह पुरे पडत नाहीत. पाथरवट लागतो, स्थापत्याचा जाणकार लागतो, परांच्या बांधाव्या लागतात, आणि म्हणून पैसा लागतो. मंडळी पहिल्यांदा ‘निधी’ हा शब्द उच्चारतात ती या टप्प्यावर. आणि अर्जाच्या कोऱ्या नमुन्यातील पहिल्याच रकान्याशी त्यांचा हात थबकतो: वास्तूचा मालक कोण?

हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. बारव गावठाणात असेल तर मिळकत पत्रिका पाहावी लागते, शिवारात असेल तर सातबारा. कित्येकदा ती कोणा एका खातेदाराच्या गटात येते, आणि ‘इतर हक्क’ या सदरात तिचा उल्लेख असलाच तर ‘विहीर’ एवढाच असतो. कधी ती देवस्थान इनाम वर्ग तीनच्या जमिनीत असते, जेथे देव हा धारक आणि वहिवाटदार दुसराच. कधी गायरानात, तर कधी कोणत्याच नोंदीत नसते. गावातील म्हाताऱ्या माणसांना ती कोणाची हे विचारले तर उत्तर येते, ‘गावाची’. आणि हे उत्तर नैतिकदृष्ट्या पूर्णतः खरे असूनही निधी देणाऱ्या संस्थेच्या वकिलाला ते चालत नाही. जो पैसा देतो, त्याला उद्या त्या जागेवर कोणी दावा सांगून कुंपण घालणार नाही याची खातरजमा हवी असते, आणि ही अपेक्षा गैर म्हणता येणार नाही. म्हणून ग्रामसभेचा ठराव, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, खाजगी गटातील वास्तू असल्यास त्या कुटुंबाशी नोंदणीकृत करार, आणि वाटेचा हक्क ही कामे अर्जाच्या आधीची आहेत. एका कुटुंबातील सात वारसांच्या सह्या मिळवण्यात वर्ष जाते, असे या क्षेत्रात वावरणारे कोणीही सांगेल. ते वर्ष फुकट गेले असे मात्र मानू नये. शंभर वर्षे जी वस्तू कोणाचीच नव्हती, ती या वर्षात कोणाची तरी होत असते.

दुसरा प्रश्न अर्जदाराविषयीचा. उत्साही मंडळींचा गट हा कायद्याच्या दृष्टीने कोणीच नव्हे. त्याला १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किंवा १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली रूप घ्यावे लागते, आणि गावात जुनी देवस्थान समिती किंवा वाचनालयाची संस्था आधीपासून असेल तर तिच्याच नावाने अर्ज करणे सोयीचे ठरते. पण या जुन्या संस्थांचे दप्तर उघडले की धर्मादाय कार्यालयातील नोंदवहीत विश्वस्त म्हणून जी नावे आढळतात, त्यांतील निम्मी माणसे कैलासवासी झालेली असतात. दरवेळी नवे विश्वस्त निवडले गेले, सभांचे इतिवृत्तही लिहिले गेले, पण बदल अर्ज दाखल झाला नाही. किंवा दाखल झाला आणि निकालाविना पडून राहिला. हिशेब तपासणीचे अहवाल काही वर्षांचे आहेत, काही वर्षांचे नाहीत. ज्या संस्थेची कीर्द आणि खतावणी नीट आहे, तिचा अर्ज साध्या भाषेत लिहिलेला असला तरी टिकतो. जिची नाही, तिने वास्तूच्या सौंदर्यावर कितीही हृद्य परिच्छेद लिहिले तरी छाननीच्या पहिल्या फेरीतच तो बाजूला पडतो. ही गोष्ट मंडळींना कोणी आधी सांगत नाही, म्हणून ती येथे ठासून लिहिली.

कायद्याच्या संरक्षणाचाही विचार करावा लागतो. वास्तू केंद्र सरकारच्या १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली अथवा राज्याच्या १९६० च्या कायद्याखाली संरक्षित असेल, तर तिच्या दगडाला हात लावण्याचा अधिकार पुरातत्त्व खात्याशिवाय कोणालाही नाही. वास्तू स्वतः असंरक्षित, पण शेजारचे मंदिर केंद्र-संरक्षित, अशी स्थिती असेल तर २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे त्या मंदिराच्या सभोवती १०० मीटरांचे निषिद्ध आणि त्यापलीकडे आणखी २०० मीटरांचे नियंत्रित क्षेत्र लागू होते, आणि दुरुस्तीलाही परवानगी लागते. खेड्यापाड्यांतील बहुसंख्य वास्तू मात्र या दोन्ही याद्यांबाहेर आहेत. त्यांना कायद्याचा अडसर नाही, तसा आधारही नाही.

आता अंदाजपत्रक. येथे मी थोडा अधिक रेंगाळणार आहे, कारण चांगल्या हेतूने केलेल्या दुरुस्तीतून वास्तूचा घात होतो तो बहुधा अंदाजपत्रकात आधीच लिहिलेला असतो. बांधकाम खात्याच्या दरसूचीत सिमेंटच्या कामांचे दर हाताशी तयार असतात. चुन्याच्या कामासाठी स्वतंत्र दर-विश्लेषण मांडावे लागते, ते मांडता येणारा अभियंता तालुक्याला सापडतोच असे नाही, म्हणून नकळत सिमेंट लिहिले जाते. परंतु यादवकालीन बारवेच्या भिंती पुष्कळदा चुन्याशिवायच, नुसत्या घडीव चिऱ्यांच्या बसणीवर उभ्या आहेत. चिऱ्यांच्या सांध्यांतून झरे आत येतात, आणि भिंतीमागचे पाणी मोकळे होत राहते म्हणूनच भिंत टिकते. ते सांधे सिमेंटने लिंपले की पाणी मागे तुंबते, त्याचा दाब वाढत जातो, आणि पाचसात पावसाळ्यांत नेमका दुरुस्त केलेला भागच पुढे येऊ लागतो. जेथे चुना मुळात होता तेथे चुनाच हवा. कळीचा चुना विझवून पुरेसा मुरवलेला, वाळूबरोबर घाणीत मळलेला, प्रदेशपरत्वे गूळ, हिरडा, बेलफळ यांचे पाणी घातलेला. या कामाला वेळ लागतो, उन्हाळा-पावसाळ्याचा हिशेब पाहावा लागतो, आणि ते करणारे गवंडी-बेलदार निविदा भरणारे नसतात, त्यांच्याकडे कर-नोंदणीचा क्रमांक नसतो. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्याचा शिरस्ता रस्त्याच्या खडीसाठी योग्य असेल. सातशे वर्षांच्या दगडी कामाला तो लावणे म्हणजे हुन्नर जाणणाऱ्याला दाराबाहेर ठेवण्यासारखे आहे. अर्जदारांनी अंदाजपत्रकातच कारागिराच्या रोजमजुरीचे स्वतंत्र कलम घालावे, नमुन्यादाखल एक लहान भाग आधी करून पाहण्याची तरतूद करावी, आणि दुरुस्तीपूर्वीची मापे, रेखाटने व छायाचित्रे यांसाठी रक्कम दाखवावी. निधी देणारे या शेवटच्या कलमाला कात्री लावू पाहतात. ती लावू देऊ नये. कारण उद्या वास्तू कोसळली तरी तिची नोंद उरेल, आणि नोंद असली तर पुन्हा उभारणीची आशा धरता येईल.

पैसा कोठून मिळतो, हे थोडक्यात सांगतो. केंद्र सरकारने १९९६ मध्ये १८९० च्या धर्मादाय निधी कायद्याखाली राष्ट्रीय संस्कृती निधी स्थापन केला; देणगीदार, हा निधी आणि काम करणारी यंत्रणा असा त्रिपक्षीय करार त्यात होतो. राज्याची ‘महाराष्ट्र वैभव’ ही संगोपन योजना आहे, तिच्याखाली नळदुर्गासारखा किल्ला ठरावीक मुदतीसाठी संगोपनास दिला गेला. पण ती राज्य-संरक्षित स्मारकांपुरती आहे. शहरांतील मोठी कामे बहुधा उद्योगसमूहांच्या पैशाने झाली. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे पुनरुज्जीवन महानगरपालिका, वारसाजतन करणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्या २००३ च्या करारातून घडले, आणि त्याला युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांतील सर्वोच्च पुरस्कार मिळाला. तेथील विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचे काम टाटा कन्सल्टन्सीच्या साहाय्याने झाले. खेड्यातील मंडळींची दृष्टी आज मुख्यत्वे लागलेली असते ती कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीकडे, म्हणजे बोलीत ज्याला सगळे सीएसआर म्हणतात त्याकडे. २०१३ च्या कंपनी कायद्याचे १३५ वे कलम १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले आणि ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के लोकोपयोगी कामावर खर्चणे बंधनकारक झाले. सातव्या परिशिष्टातील पाचव्या सदरात ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तूंचा जीर्णोद्धार आणि सार्वजनिक ग्रंथालये यांचा स्पष्ट उल्लेख आहे. काम करणाऱ्या संस्थेची १ एप्रिल २०२१ पासून स्वतंत्र नोंदणी लागते, आणि कंपनीने स्वतः स्थापन न केलेल्या संस्थेला अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो.

या नियमांत दोन तरतुदी अशा आहेत की ज्यांवर वारसाप्रेमी माणसाने विचार करावा. एक म्हणजे, चालू प्रकल्पाची कमाल मुदत सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून तीन वर्षे. दुसरी म्हणजे, जानेवारी २०२१ पासून एखाद्या संस्थेच्या कायमनिधीत घातलेली रक्कम या सदरातील खर्च म्हणून धरली जात नाही. नियमकर्त्यांचा हेतू शुद्ध आहे; कंपन्यांनी पैसा कोठेतरी ठेवून देऊ नये, तो कामी लागावा, हे त्यांना साधावयाचे होते. पण परिणाम असा की बारवेची भिंत उभी करण्यास पैसा मिळू शकतो, आणि त्या भिंतीतील पिंपळाचे रोप दर पावसाळ्यानंतर उपटणाऱ्या माणसाच्या पगारासाठी मुदत संपल्यावर तो मिळत नाही.

आपल्या पूर्वजांनी ही गोष्ट वेगळ्या रीतीने हाताळली होती. देऊळ, धर्मशाळा, घाट किंवा विहीर बांधून देणारा यजमान बांधकामाबरोबरच दिवाबत्ती, झाडलोट आणि नैवेद्य यांसाठी जमीन किंवा वर्षासन नेमून देई. सनदेत त्याचा तपशील असे. अहिल्याबाई होळकरांनी खासगीच्या उत्पन्नातून देशभर जी कामे केली, त्यांचे वैशिष्ट्य केवळ बांधण्यात नव्हते, चालविण्यात होते. वास्तू बांधणे आणि तिचा निर्वाह बांधून देणे ही दोन कामे आहेत असे त्या काळच्या माणसाला वाटतच नसे. पुढे इंग्रजी अमलात इनाम कमिशन आले, १८५२ चा अकरावा कायदा आला, गावोगावच्या इनामदारांना आणि देवस्थानांना आपला हक्क कागदाने शाबीत करावा लागला. पुण्याच्या पेशवे दप्तराचे रुमाल जपले गेले ते पुष्कळसे या चौकशीच्या गरजेपोटीच. स्वातंत्र्यानंतर वतने आणि व्यक्तिगत इनामे टप्प्याटप्प्याने खालसा झाली.

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. ती जुनी व्यवस्था परत यावी असे कोणाही विचारी माणसाला वाटणार नाही. गावाची झाडलोट, राखण, निरोप ही कामे ज्या वतनांच्या बळावर होत, त्यांनी माणसांना जन्माने त्या कामाशी जखडले होते; डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच दास्याविरुद्ध, आणि वतने गेली हा न्यायच झाला. परंतु वतनाबरोबर ते कामही गेले, आणि त्याच्या जागी मोबदला देऊन, स्वेच्छेने, सन्मानाने करावयाची नवी व्यवस्था आपण आणली नाही. आज गावोगावच्या वास्तू ज्या स्थितीत आहेत, तिचे कारण मला परकीय आक्रमणांपेक्षा या सत्तरएक वर्षांच्या रिकाम्या जागेत अधिक दिसते.

दीर्घ कामाला पैसा कसा मिळवावा याचे एक उदाहरण आपल्याच घरी आहे. दक्षिणा निधीचा लाभ ज्यांना मिळाला असे वर म्हटले, त्या भांडारकरांच्या नावाने ६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, पुण्यात प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले, आणि पुढच्याच वर्षी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी एक लक्ष रुपयांचे अभिवचन दिले. १ एप्रिल १९१९ रोजी भांडारकरांच्याच हस्ते कामाचा आरंभ झाला. संस्थेने सरसकट अठरा पर्वांना हात घातला नाही. १९२३ साली विराटपर्वाचे एक नमुना-संपादन छापून ते विद्वानांच्या अभिप्रायासाठी पाठवले, पद्धतीतील उणिवा जाणून घेतल्या, आणि १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुखटणकरांनी प्रमुख संपादकत्व स्वीकारल्यावर काम नव्या शिस्तीने मांडले. ज्याला आजच्या अनुदानाच्या परिभाषेत पथदर्शी प्रकल्प म्हणतात, तो याहून निराळा नव्हे. सुखटणकर १९४३ मध्ये गेले. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आले, मग परशुराम लक्ष्मण वैद्य आले. संस्थानिक, सरकारे, विद्यापीठे यांच्याकडे वर्षानुवर्षे विनंतीपत्रे जात राहिली, वर्षानुवर्षे हिशेब आणि छापलेले खंड त्यांच्याकडे पोचते होत राहिले, आणि २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत ग्रंथपूर्तीचा समारंभ झाला. सत्तेचाळीस वर्षांच्या या कामाने तीन वर्षांच्या चौकटीत बसणारा अर्ज केला असता, तर त्याला काय उत्तर मिळाले असते?

महाभारताच्या आवृत्तीवरून हस्तलिखितांची आठवण झाली, म्हणून एक सांगावेसे वाटते. आपल्या जुन्या वाचनालयांत आणि घराघरांत मोडी रुमाल, पोथ्या, नियतकालिकांच्या बांधीव फायली कसर आणि ओल यांच्या तोंडी आहेत. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीमार्फत २००४ पासून अर्काडिया या निधीच्या साहाय्याने संकटग्रस्त दप्तरांच्या जतनाचा एक उपक्रम चालतो. त्याच्या अटी मला आदर्श वाटतात: मूळ कागद देशाबाहेर जाता कामा नये, अंकीय प्रती स्थानिक संस्थेत राहाव्यात, स्थानिक माणसांना प्रशिक्षण मिळावे. आपल्याकडील लहान संस्थेला मात्र हा मार्ग सरळ नाही. परदेशी देणगी स्वीकारण्याचा परवाना लागतो, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा एका संस्थेकडून दुसरीकडे वळवताही येत नाही. विद्यापीठ किंवा मोठ्या संशोधनसंस्थेने अर्जदार व्हावे आणि गावच्या वाचनालयाने दप्तर खुले करावे, हाच व्यवहार्य तोडगा. आणि मोठ्या संस्थांनी त्यासाठी आपणहून गावाकडे गेले पाहिजे.

पुन्हा देखभालीच्या प्रश्नाकडे वळतो. ब्रिटनमध्ये १९९४ साली राष्ट्रीय सोडत सुरू झाली, आणि तिच्या उत्पन्नातला वारसाजतनाचा वाटा वाटण्यासाठी जो निधी आहे, त्याच्या नमुन्यातून आपल्या निधीदात्यांनी घेण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. मोठ्या बांधकामाच्या अनुदानासाठी अर्ज करणाऱ्याला काम पुरे झाल्यानंतर वास्तूची देखभाल कोण, कशी आणि कोणत्या खर्चाने करील याची योजना सादर करावी लागते, आणि दुरुस्तीनंतर वाढलेला देखभालीचा खर्च पाच वर्षांपर्यंत प्रकल्पाच्याच खर्चात धरता येतो. दुसरी गोष्ट स्वयंसेवकांच्या श्रमाची. त्यांचे तास मोजून त्यांचे मूल्य अर्जदाराचा वाटा म्हणून दाखवता येते. वालूर-चारठाण्याच्या बारवांतून ज्या हातांनी गाळ काढला, त्यांच्या हजेरीची वही कोणी ठेवली असेल तर ती वही हा निधी आहे. ज्यांनी ठेवली नसेल त्यांनी पुढच्या श्रमदानापासून ठेवावी, दिनांक, नाव, तास आणि सही यांसह.

तोपर्यंत, म्हणजे आपल्याकडील नियमांत देखभालीला जागा मिळेपर्यंत, गावाने काय करावे? माझे उत्तर असे की दुरुस्तीच्या अर्जाआधी गावाने स्वतःचा लहानसा कायमनिधी उभा करावा. कंपन्यांचा पैसा तेथे चालत नसला तरी माहेरवाशिणींचा, पुण्यामुंबईस नोकरीला गेलेल्यांचा, वर्षश्राद्धाच्या नावाने दिलेला पैसा चालतो, आणि तो विश्वस्त संस्थेच्या नावाने बँकेत राहिला तर त्याच्या व्याजातून वर्षातून दोन वेळा झाडे उपटणे, एकदा गाळ काढणे आणि एका माणसाला ठरलेले मानधन देणे इतके तरी होते. ग्रामपंचायतीने आपल्या स्वनिधीच्या अंदाजपत्रकात बारवेच्या नावाने एक ओळ घालावी. रक्कम अल्प असली तरी ओळ महत्त्वाची, कारण सरपंच बदलला तरी मागील वर्षाची ओळ पुढच्या वर्षाच्या मसुद्यात उतरते. अर्जासोबत या दोन गोष्टींचे दाखले जोडले गेले, तर देणाऱ्याच्या मनातील सर्वांत मोठी शंका विचारण्याआधीच फिटते.

अनुदान मंजूर झाल्यावरचे काम कष्टाचे आहे, पण त्यात गूढ काही नाही. पैसा हप्त्यांनी येतो. पहिल्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय दुसरा सुटत नाही, आणि मधल्या काळात कारागिरांची मजुरी संस्थेला पदरमोड करून भागवावी लागते, म्हणून हाताशी थोडी शिल्लक हवी. या पैशाचे खाते स्वतंत्र ठेवावे, प्रत्येक पावती तारखेने लावावी, कामाआधीचे आणि नंतरचे छायाचित्र एकाच जागेवरून काढावे. आणि जे ठरले होते त्यात बदल करावा लागला, पाया खणताना एखादा शिलालेख सापडला, दगड अपेक्षेहून अधिक खिळखिळे निघाले, तर ते आधी लेखी कळवून मग खर्च करावा. नंतरचा खुलासा कितीही प्रामाणिक असला तरी लेखापरीक्षणात तो दुबळा ठरतो.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा पाऊस ओसरलेला असेल, आणि बारवांतील पाणी वरच्या टप्प्यांवर असेल. भिंतींची मापे घेण्यास पाणी उतरण्याची वाट पाहावी लागेल. कागदांची वाट पाहण्याचे मात्र कारण नाही. सातबारा, मिळकत पत्रिका आणि संस्थेच्या नोंदीचा उतारा हे तीन कागद दिवाळीच्या सुट्टीनंतर मागता येतात. २६ जानेवारीला बहुतेक गावांत ग्रामसभा भरते. तिच्या विषयपत्रिकेवर बारवेचा विषय यावा यासाठी ग्रामपंचायतीकडे आगाऊ लेखी पत्र द्यावे लागते. ठराव ‘जीर्णोद्धार’ एवढ्याच शब्दावर सोडू नये. जागा गावाच्या वहिवाटीची आहे, कामाला हरकत नाही, आणि त्यानंतरची वार्षिक देखभाल ग्रामपंचायत व अमुक संस्था मिळून करतील, अशी तीन वाक्ये त्यात असावीत, आणि सभेची हजेरी सह्यांनिशी जोडलेली असावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये कंपन्या पुढच्या आर्थिक वर्षाच्या खर्चाची आखणी करीत असतात; तोवर हा ठराव, हजेरीची वही आणि कायमनिधीचे पासबुक एका फाइलीत तयार असले पाहिजे.